कोळंबी कोणाला चालते?

पनवेलच्या मासळी बाजारात कोळणी पापलेट, सुरमई, बांगडे, चिंबोऱ्या आणि खाडीची कोळंबी शेजारी शेजारी मांडून बसतात. भावाची घासाघीस सगळ्यांशी सारखीच होते. पाटीतली कोळंबी मात्र सगळ्यांना सारखी चालत नाही. आगरी-कोळ्यांच्या घरात ती जीव की प्राण, पण सोमवारी, चतुर्थीला आणि श्रावणात ती चुलीवर चढत नाही. कोकणी मुसलमानाला ती बिनदिक्कत चालते. उत्तर प्रदेशातून आलेला त्याचा शेजारी मात्र तिच्यापुढे थबकतो, आपल्या मौलवींना विचारून घेतो. पारशी तिचा आंबटगोड पातियो करतात. कॅथलिक माणूस उपवासकाळातल्या शुक्रवारी, मटण वर्ज्य असताना, मुद्दाम मासळीकडे वळतो. जैन कुटुंब या गल्लीतच येत नाही. आणि याच गावात कित्येक पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरी पापलेट शिजते, कोळंबी रिवाजाने कधीच नाही.

शाळेच्या पुस्तकांत धर्मांची ओळख होते ती वेगळ्या वाटेने. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, तत्त्वे कोणती, सण कोणते? चार रकाने भरले की धर्म संपला. हा तक्ता ख्रिस्ती धर्माला छान बसतो, कारण त्या धर्माने स्वतःच आपली श्रद्धा सूत्रबद्ध करण्यावर भर दिला. इ.स. ३२५ मध्ये निकाया येथे धर्मगुरूंची परिषद भरली ती नेमके काय मानायचे हे ठरवण्यासाठीच. इस्लामलाही तक्ता बऱ्यापैकी जमतो. हिंदू धर्माच्या पहिल्याच रकान्यात मात्र रेघ मारावी लागते. जैन आणि बौद्ध धर्मांत जग निर्माण करणारा ईश्वरच नाही, त्यामुळे ‘देव कोणता’ हा प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करतो. ज्यू धर्मात काय मानायचे याची तेरा ठरीव सूत्रे मैमोनिडीझ या पंडिताने मांडली ती थेट बाराव्या शतकात. त्याआधी कित्येक शतके लोक तो धर्म पाळतच होते.

पनवेल तालुक्यासारख्या ठिकाणी उलटा क्रम जास्त कामाचा ठरतो. माणूस काय खात नाही, कोणत्या दिवशी हातातले काम थांबवतो, कोणत्या दिशेला तोंड करून उभा राहतो, हे आधी पाहावे. तो काय मानतो हे त्यातून उलगडत जाते. या क्रमाची सर्वांत जुनी आणि सर्वांत ठसठशीत साक्ष रायगड जिल्ह्यातच आहे.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी पॅलेस्टाइनमधून निघालेले एक जहाज चौलच्या उत्तरेला, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानली; इतर अभ्यासक ती बरीच अलीकडे ओढतात. जहाजाबरोबर ग्रंथही बुडाले. वाचलेले लोक कोकणातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, झिराडकर अशी गावांवरून आडनावे लावू लागले. हिब्रू भाषा गेली, प्रार्थना गेल्या. सिनॅगॉग नव्हता, धर्मगुरू नव्हता, धर्मग्रंथ नव्हता. पुस्तकी तक्त्याने पाहिले तर चारपैकी तीन रकाने कोरे.

राहिले ते इतके: शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत काम बंद. त्यामुळे शनिवारी घाणा फिरत नसे आणि गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता जन्मापासून आठव्या दिवशी. काही उपास. देव एकच आहे हे सांगणारी ‘शमा’ ही छोटी प्रार्थना, जी सुंतेपासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. आणि खाण्याचे नियम.

पुढे कोणा एका काळी डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. कोणी त्याला हजारेक वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर आपले धर्मबांधव आहेत का, हे त्याला तपासायचे होते. परंपरा सांगते, की त्याने प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे एका बाजूला काढले आणि उरलेले आम्ही खात नाही म्हणून बाजूला सारले. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या लेवीय आणि अनुवाद या भागांत नेमका हाच नियम आहे: पाण्यातले जे पर आणि खवल्यांचे, ते खावे, बाकीचे नाही. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तीन तरुणांना शिकवून काझी केले. होय, काझीच, कोकणातल्या ज्यूंच्या धर्मप्रमुखांना कित्येक पिढ्या हाच शब्द होता.

ही कथा शब्दशः घडली की नाही, हे सिद्ध करता येणार नाही. पण तिने धर्माची कसोटी कुठे लावली ते बघण्यासारखे आहे. पुरुषांच्या पाठांतरावर नव्हे, बायकांच्या विळीपाशी.

ज्यू धर्माचा गाभा असा आहे: देव एकच, त्याने अब्राहामाच्या वंशाशी करार केला आणि मोशेच्या हातून त्यांना तोरा दिला. पहिल्या पाच ग्रंथांच्या या संहितेत परंपरेने ६१३ आज्ञा मोजल्या जातात. करार पाळायचा तो या आज्ञा आचरून. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, ही त्यातलीच एक. कोकणातल्या ज्यू स्वयंपाकिणीला तिचा जाच कमीच झाला असेल, कारण मटणाच्या रश्श्यात घालायला नारळाचे दूध हाताशी होते.

ग्रंथ परत आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही मराठीतून. मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी माणसांसाठी हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले बायबल वाचू लागली. मिशनऱ्यांचा हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. झाले भलतेच, धर्मांतर फार थोड्यांनी केले, बाकीचे अधिक जाणते ज्यू झाले. १८४६ मध्ये वल्हांडण सणाची हागादा ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १७९६ मध्ये, कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला या समाजाचा पहिला सिनॅगॉग बांधला होता. कोकणात सिनॅगॉग उभे राहू लागले त्यानंतर. पनवेलचा बेथ एल सिनॅगॉग १८४९चा. म्हणजे १८५२ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेपेक्षाही तीन वर्षांनी जुना.

आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या ठेवण्याची कपाटासारखी पवित्र जागा, मध्ये वाचनाचा उंच ओटा. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि इस्राएलला झालेल्या स्थलांतरानंतर कोकणातल्या सिनॅगॉगांची खरी अडचण हीच आहे. २६ जुलै २००५च्या महापुरात पनवेल बुडाले तेव्हा पाणी बेथ एलमध्येही शिरले आणि गुंडाळ्या भिजून निकामी झाल्या. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या या गुंडाळीत एक अक्षर जरी बिघडले तरी ती वाचनाला चालत नाही, दुरुस्त होत नसेल तर तिला माणसासारखे दफन करतात. मूर्ती न मानणाऱ्या धर्मातही पावित्र्य शेवटी एखाद्या वस्तूत येऊन वसतेच.

सिनॅगॉगमध्ये उभा राहिलेला ज्यू जेरुसलेमकडे तोंड करतो, मशिदीत उभा राहिलेला मुसलमान मक्केकडे. पनवेलहून दोन्ही पश्चिमेलाच आहेत, वायव्येकडे थोडी कमी-जास्त झुकलेली.

कोकणी मुसलमानांचा इतिहासही समुद्रावरूनच आला. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, उतरला तेव्हा त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे लिहून ठेवले. उत्तर हिंदुस्थानात दिल्लीची सल्तनत उभी राहायला अजून तीन शतके होती. व्यापाऱ्यांबरोबर आलेला हा इस्लाम शाफई पंथाचा. जमिनीवरून उत्तरेत आलेला हनफी. श्रद्धा अक्षरशः एकच: अल्ला एक, महंमद त्याचे प्रेषित, कुराण हा त्याचा शब्द. पाच स्तंभही तेच: कलमा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, ठरावीक मर्यादेपलीकडच्या बचतीवर अडीच टक्के जकात आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. फरक दिसतो तो आचारात. तिसऱ्या प्रहराच्या असरच्या नमाजाची वेळ शाफई मताने वस्तूची सावली वस्तूएवढी वाढली की सुरू होते, प्रचलित हनफी मताने दुप्पट वाढली की. म्हणून एकाच गावातल्या दोन मशिदींत असरची अजान वेगवेगळ्या वेळी ऐकू येऊ शकते. समुद्रात राहणारे जवळजवळ सगळे शाफईंना चालते. हनफींना पाण्यातला फक्त मासा चालतो, आणि कोळंबी हा मासा आहे की नाही यावर त्यांच्या उलेमांत दोन मते आहेत. किनाऱ्यावर वाढलेल्या पंथाने कोळंबीचा प्रश्न आधीच निकालात काढलेला असावा, हे काही नवल नाही; पण भूगोलानेच धर्मशास्त्र घडवले असे म्हणणे जरा घाईचे होईल. ते मत अरबस्तान-इराक-इजिप्तमध्ये ठरले, कोकणात ते सोयीचे पडले.

पनवेलमध्ये पीर करमअली शाह यांचा दर्गा आहे. दर्गे, उरूस, नवस यांवर मुसलमानांमध्ये जुना वाद आहे: अल्लाशिवाय कोणाकडे मागणे हे एकेश्वराच्या तत्त्वाला धरून आहे का? एक बाजू म्हणते नाही. दुसरी म्हणते, आम्ही पिराकडे मागत नाही, पिराच्या वशिल्याने अल्लाकडे मागतो. दर्ग्यावर मलिदा चढतो, आणि मलिदा याच नावाचा विधी बेने इस्राएलही करतात. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे, असे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेतात. लग्नाआधी, नवस फेडताना, संकट टळल्यावर. अलिबागजवळ खंडाळे येथे एक खडक आहे; एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला, असे समाज मानतो. जेरुसलेमच्या कोणत्याही पंडिताने हे ठिकाण नोंदलेले नाही.

ख्रिस्ती धर्माचे मासळीशी वेगळेच नाते आहे. येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्यही ज्यू, त्यांतले काही तर कोळी. पर-खवल्यांचा नियम त्यांनाही होता. तो सुटला कसा, याची हकिगत नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात येते: पेत्राला दृष्टांत झाला, की देवाने शुद्ध ठरवलेल्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. खाण्याच्या निर्बंधांबरोबर धर्माची कुंपणेही उघडली आणि ज्यू नसलेले लोक आत आले. नियमांच्या जागी श्रद्धा आली: देव एक पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रिरूपात, पुत्र माणूस झाला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तारण. बाप्तिस्म्याने माणूस या समाजात येतो आणि भाकर व द्राक्षारसाच्या विधीत त्याच बलिदानात सहभागी होतो.

पण आचार असा सहजासहजी हटत नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक आहेत. पोर्तुगीज सत्ता तिथून १७४० मध्ये गेली, तरी त्यांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही जिवंत आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. नवीन पनवेलमध्ये नोकरीनिमित्त आलेले केरळचे सीरियन ख्रिस्ती आपली परंपरा इ.स. ५२ मध्ये आलेल्या संत थॉमसपर्यंत नेतात. त्यांचा उपवास पन्नास दिवसांचा, आणि त्यात पुष्कळ जण मासेसुद्धा सोडतात. येशूवरची श्रद्धा एकच, शुक्रवारच्या ताटातला फरक मात्र स्पष्ट.

आता तो धर्म, ज्याच्या रकान्यात काय भरावे हे कोणालाच कळत नाही. कर्माचे फळ मिळते, जीव पुन्हा जन्म घेतो, या फेऱ्यातून सुटका हा मोक्ष, एवढे बहुतेक हिंदू परंपरांत सापडते. त्यापलीकडे एक देव, अनेक देव, निर्गुण ब्रह्म, सगळ्यांना मुभा आहे. सांख्यांनी ईश्वराशिवाय काम चालवले आणि तरीही ते आस्तिक दर्शनांत गणले गेले. पनवेल तालुक्यातच या धर्माची दोन टोके बघायला मिळतात. खारघरला १५ जानेवारी २०२५ रोजी उद्घाटन झालेले इस्कॉनचे मोठे राधा-मदनमोहन मंदिर आहे. ए. सी. भक्तिवेदांत स्वामींनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापलेल्या या पंथात दीक्षितांना मांस-मासे-अंडी, नशा, जुगार वर्ज्य, कांदा-लसूणही नाही, रोज माळेवर सोळा फेऱ्या नामजप. दुसरीकडे, तालुक्यातले आगरी-कोळी चैत्रात पालख्या घेऊन घाट चढतात ते कार्ल्याच्या एकवीरा आईला, आणि तिथे कोंबड्या-बकऱ्याचा मान देण्याची चाल जुनी आहे. गौरी घरी आल्यावर काही घरांत तिला तिखटाचा म्हणजे सामिष नैवेद्य दाखवतात. यांतला खरा हिंदू कोण, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या चर्चांत वारंवार येतो; गौरीला वाटण वाटणाऱ्या बाईला तो कधी पडलेला दिसत नाही.

नियम इथेही आहेतच, पण ते कुळाचे, गावाचे, वाराचे आहेत. आषाढी अमावस्येला मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या दिवशी शुकशुकाट. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात जातात. शासनाची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, माशांच्या प्रजननासाठी. कोळ्यांचा रिवाज आणि मत्स्यखात्याचा आदेश थोड्याफार दिवसांच्या फरकाने एकाच हंगामावर येऊन टेकतात.

एकवीरेचे देऊळ ज्या डोंगरात आहे तिथे देवळाच्या पाठीशीच भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यातल्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आहेत. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या पेठा जोडणाऱ्या घाटवाटांवर व्यापारी बौद्ध भिक्षूंना लेणी कोरून देत होते. नंतर भिक्षू गेले, देवी राहिली. महाराष्ट्रात बौद्ध धर्म परत आला तो अगदी वेगळ्या मार्गाने, आणि त्या मार्गाची सुरुवात रायगड जिल्ह्यातच झाली.  

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि हजारोंनी त्यांच्या मागोमाग ते प्यायले. सनातन्यांनी नंतर दही, दूध, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. आचार श्रद्धेहून चिवट असतो, असे इथवर कौतुकाने सांगितले. त्याची दुसरी बाजू ही. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे तत्त्व ज्यांच्या तोंडी होते, त्यांच्याच हाताने पाणी बाटत होते. तत्त्वज्ञान उदार असून भागत नाही हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा रोजच्या वागण्याच्या आहेत: ब्रह्मा-विष्णू-महेशाची उपासना करणार नाही, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. घराघरांतले देव्हारे रिकामे झाले, तेव्हा धर्मांतर पुरे झाले.

बुद्धाची मूळ शिकवण चार आर्यसत्यांत सांगितली जाते: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते संपू शकते, आणि ते संपवण्याचा अष्टांगिक मार्ग आहे. नित्य आत्मा नाही, सृष्टिकर्ता देव नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या शिकवणीचा सामाजिक अर्थ पुढे आणला. २०११च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. पंचशीलाचे पहिले शील प्राणिहत्या न करण्याचे; पण विनयाच्या जुन्या नियमात भिक्षेत आलेले मांस, ते आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला नसेल, तर चालते. म्हणून पनवेलच्या बौद्ध कुटुंबात मासे शिजतात, तर त्याच काळात त्याच मगधात वाढलेल्या जैन धर्मात अशी पळवाट मुळीच नाही.

जैन मतात प्रत्येक जीव त्याच्या इंद्रियांनुसार मोजलेला आहे, एकेंद्रिय वनस्पतीपासून पंचेंद्रिय मासा-माणसापर्यंत, आणि हिंसेने चिकटणारे कर्म हे सूक्ष्म द्रव्यच आहे. मासळी सोडाच, बटाटा आणि कांदाही नाही, कारण कंदात अनंत जीव. सूर्यास्तानंतर जेवण नाही. पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागायची. जैन आहार ही निव्वळ सोवळ्याची गोष्ट मानणारे पुष्कळ आहेत. ती मुळात या जीवगणनेची गोष्ट आहे.

शीख धर्माने हा ताटाचा प्रश्न सगळ्यांत चतुरपणे सोडवला. गुरू नानकांपासून (१४६९-१५३९) चालत आलेल्या लंगरात जेवण शाकाहारीच, म्हणजे कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा माणूस त्याच पंगतीत बसू शकतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल घेऊन येणाऱ्या पंजाबी ट्रकचालकांना नांदेड परके नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तिथेच गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पारशांचे तर तीन शब्दांत सांगता येते: चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती. अहुर मज्दाचे प्रतीक असलेल्या अग्नीसमोर ती रोज आठवायची, आणि नवजोत या दीक्षाविधीनंतर कमरेला कस्ती हा पवित्र दोरा बांधायचा.

हे सगळे आचार एका गावात नांदतात तेव्हा पंचांगांची मोठी मौज होते. २०२४चा वसंत घ्या. १२ मार्चला रमजान सुरू झाला. २४ मार्चला होळी पेटली, त्याच दिवशी ज्यूंचा पुरीम होता. बेने इस्राएल त्याला पूर्वीपासून ‘होळीचा सण’च म्हणत आले. २९ मार्चला गुड फ्रायडे, ९ एप्रिलला पाडवा, ११ला ईद, १३ला बैसाखी, १४ला आंबेडकर जयंती, २१ला महावीर जयंती. २३ एप्रिलला चैत्री पौर्णिमेची हनुमान जयंती आणि वल्हांडणाचा पहिला दिवस एकच. योगायोग नव्हे. हिंदू आणि ज्यू दोन्ही पंचांगे महिना चंद्रावर मोजतात आणि ऋतू हातचे निसटू नयेत म्हणून मधूनमधून अधिक महिना घालतात. ज्यूंचा हिशेब १९ वर्षांत ७ अधिक महिन्यांचा. दोघांचे अधिक महिने एकाच वर्षी येतात असे नाही, म्हणून कधी सण महिनाभर सरकतात. त्या वर्षी ज्यूंचे वर्ष अधिकमासाचे होते, म्हणून वल्हांडण लांबले आणि ईस्टर, जो एरवी त्याच्या मागोमाग येतो, तीन आठवडे आधीच होऊन गेला. इस्लामने अधिक महिना निषिद्ध मानला, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शनिवार तेल्यांना हिब्रू पंचांग माहीत नव्हते त्या काळी शेजाऱ्यांची पौर्णिमा त्यांच्या कामी आली असणार, असा तर्क करता येतो.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. तिथे त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. तुमच्या विवाह-घटस्फोटांत धर्मशास्त्राचे नियम पाळले गेले होते कशावरून, असा प्रश्न तिथल्या मुख्य धर्मपीठाने उभा केला आणि १९६० नंतर बेने इस्राएलांच्या लग्नांना अडथळे येऊ लागले. धर्मपीठाला कागद हवे होते, आणि घाण्यावर पिढ्या काढलेल्यांकडे ते नव्हते. जेरुसलेममध्ये धरणे धरली गेली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा वाद मिटत आला. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर मोजकेच उरले होते. तिकडे लोद, रामला, अश्दोद, दिमोना या गावांत मराठी ऐकू येते, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे निघाले, आणि खंडाळ्याचा खडक लांब पडल्यामुळे नवस फेडायला मंडळी हैफाच्या एलियाहूच्या गुहेत जातात. तिथे येणारे इतर ज्यू मेणबत्त्या लावून निघतात. यांच्याबरोबर पोहे, खोबरे आणि साखर असते.